देशोदेशी शिकवणारे धर्मानंद

विद्यार्थी मित्रांनो, जुन्नरच्या चारही बाजूंच्या डोंगरांत कोरलेली लेणी तुम्ही पाहिली असतील. आंबेगाव तालुक्यातील घोडेगाव किंवा मंचरच्या शाळांच्या सहली लेण्याद्रीला येतात. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा या ठिकाणची लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांच्या भिंतींवर लहान लहान लेख कोरलेले आहेत. त्यांची लिपी ब्राह्मी आहे आणि भाषा प्राकृत आहे. पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांनी दिलेल्या दानाची नोंदही त्यांत सापडते. म्हणजे त्या काळी कामधंद्यासाठी लोक दूर देशांतून नाणेघाट चढून आपल्या जुन्नरला येत असत.

प्राकृतच्या जवळची एक जुनी भाषा म्हणजे पाली. बौद्ध धर्माचे प्राचीन ग्रंथ पाली भाषेत आहेत. भारत सरकारने २०२४ साली मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात पाली शिकवणारा शिक्षक मिळणे फार कठीण होते. अशा काळात गोव्यातील एक तरुण ही भाषा शिकण्यासाठी समुद्रापलीकडे गेला. पुढे तीच भाषा जाणणारा पंडित म्हणून त्याला अमेरिका आणि रशिया या देशांतून बोलावणे आले. त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. घरची नारळाची बाग होती. धर्मानंदांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. लहान वयातच त्यांचे बाळाबाईंशी लग्न झाले आणि बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. पण त्यांना वाचनाची ओढ होती. ‘बालबोध’ नावाच्या मराठी मासिकात त्यांनी गौतम बुद्धांविषयीचा एक लेख वाचला. तेव्हापासून बुद्धांची शिकवण मुळातून समजून घ्यावी, ही एकच इच्छा त्यांच्या मनात राहिली.

१८९९ साली त्यांनी घर सोडले. घरी पत्नी होती आणि लहानगी मुलगी माणिक होती. हा निर्णय सोपा नव्हता. त्याची किंमत बाळाबाईंनाही मोजावी लागली, हे आपण विसरू नये. धर्मानंद प्रथम पुण्याला आले. तेथून ग्वाल्हेरला आणि मग काशीला गेले. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास केला. अन्नछत्र म्हणजे जेथे गरजूंना मोफत जेवण मिळते ती जागा. तुम्ही त्याला लंगर म्हणाल. काशीहून ते नेपाळला गेले, पण तेथे त्यांना हवे ते ज्ञान मिळाले नाही. शेवटी १९०२ साली ते श्रीलंकेत पोहोचले.

कोलंबो येथील विद्योदय विद्यालयात सुमंगल नावाचे थोर गुरू होते. उर्दूत ज्यांना आपण उस्ताद म्हणतो तसेच ते होते. त्यांच्याजवळ धर्मानंद पाली शिकले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले. पालीला स्वतःची एकच अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत लिहितात, आणि युरोपातील विद्वान ती रोमन लिपीत छापतात. त्यामुळे पाली शिकणाऱ्याला अनेक लिप्या वाचाव्या लागतात. तुम्हाला याचे नवल वाटणार नाही. उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्या तुम्ही रोज वाचता. ही मोठी कमाई आहे. धर्मानंदांना पुढे देशोदेशी मान मिळाला तो अशाच कमाईमुळे.

सुमारे सात वर्षांच्या प्रवासानंतर १९०६ साली धर्मानंद कलकत्त्याला आले. येथून त्यांच्या आयुष्यात नोकरीचा प्रश्न सुरू झाला. कलकत्ता विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. विद्यापीठ मोठे, पगार चांगला आणि मान मोठा होता. आता त्यांना आपल्या कुटुंबालाही जवळ आणता आले. दुसरा कोणी असता तर तेथेच कायमचा राहिला असता.

पण धर्मानंदांच्या मनात एक विचार सतत येत असे. आपण जे शिकलो ते आपल्या मराठी माणसांपर्यंत कसे पोहोचेल? याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना मदत देऊ केली. धर्मानंदांनी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे, अभ्यास करावा आणि मराठीत पुस्तके लिहावीत, एवढीच अपेक्षा होती. त्यासाठी दरमहा पन्नास रुपये मिळणार होते. कलकत्त्याचा पगार यापेक्षा कितीतरी अधिक होता. तरीही धर्मानंदांनी कलकत्ता सोडले आणि ते पुण्याला येऊन राहिले.

मुलांनो, येथे थोडे थांबा आणि विचार करा. जास्त पगाराची नोकरी सोडून कमी पगार घेणे हा वेडेपणा होता का? कोणतीही नोकरी स्वीकारण्यापूर्वी माणसाला दोन हिशेब करावे लागतात. हातात किती पैसे पडतील, हा पहिला हिशेब. आपल्या आयुष्याची वर्षे कोणत्या कामात जातील, हा दुसरा. धर्मानंदांनी दोन्ही हिशेब केले. पन्नास रुपयांत साधेपणाने घर चालेल, आणि काम मनासारखे होईल, असे त्यांनी ठरवले.

याच काळात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांची व त्यांची ओळख झाली. हार्वर्डमध्ये एक मोठे काम अडून पडले होते. ‘विसुद्धिमग्ग’ हा आचार्य बुद्धघोषांचा पाली ग्रंथ आहे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने त्याचे संपादन हाती घेतले होते, म्हणजे जुन्या हस्तलिखितांतील पाठ ताडून शुद्ध प्रत तयार करण्याचे काम सुरू केले होते. १८९९ साली वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी चांगले पाली जाणणारा माणूस हवा होता. धर्मानंदांना बोलावणे आले आणि १९१० साली ते अमेरिकेला गेले. ज्याच्याजवळ शाळेचे मोठे प्रमाणपत्र नव्हते, त्याला जगातील एका नामांकित विद्यापीठाने आपणहून बोलावले.

हार्वर्डमध्ये प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याबरोबर त्यांनी काम केले. धर्मानंद कष्टाला मागे हटणारे नव्हते. परंतु काम बरेच पुढे गेल्यावर एक पेच उभा राहिला. ग्रंथाच्या पहिल्या पानावर कोणाचे नाव कसे छापावे, यावरून दोघांत मतभेद झाले. आपल्या श्रमाला योग्य जागा मिळत नाही, असे धर्मानंदांना वाटले. त्यांनी ते मान्य केले नाही. काम अपुरे टाकून १९१२ साली ते भारतात परत आले.

या प्रसंगातून एक गोष्ट ध्यानात घ्या. हार्वर्डसारख्या मोठ्या नावाच्या संस्थेतही असा पेच येऊ शकतो. नाव, श्रेय, कामाची वाटणी या गोष्टी सुरुवातीलाच स्पष्ट झाल्या तर पुढे मन दुखावत नाही. ‘करार’ हा शब्द तुम्हाला नवा नाही. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. ‘शर्त’, ‘अर्ज’, ‘कागद’ हेही शब्द दोन्ही भाषांत आहेत. नोकरीच्या बाबतीत या शब्दांचे मोल फार मोठे आहे.

भारतात परतल्यावर धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवण्याचे काम घेतले. १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे त्यांनी तेथे शिकवले. त्यांच्या हाताखाली पालीचे पुढचे विद्वान तयार झाले. पु. वि. बापट आणि ना. के. भागवत ही त्यांतील दोन नावे. ज्या भाषेसाठी धर्मानंदांना समुद्र ओलांडावा लागला, ती आता पुण्यात बसून शिकता येऊ लागली. चांगल्या शिक्षकाची कमाई अशी मोजतात.

१९१८ साली हार्वर्डने त्यांना पुन्हा बोलावले. जुना मतभेद मनात धरून ते बसले नाहीत. कामाचे मोल त्यांना ठाऊक होते. या वेळी त्यांनी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना बरोबर नेले. दोघेही तेथे शिकले. हाच दामोदर पुढे थोर गणिती आणि इतिहासकार झाला. त्याने काही काळ अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित शिकवले. नंतर जुन्नरच्या परिसरात पायी फिरून त्याने आपली लेणी आणि जुने व्यापारी मार्ग यांचा अभ्यास केला. वडिलांची चिकाटी मुलाने उचलली, ती अशी.

१९२२ साली धर्मानंद परत आले आणि अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम करू लागले. ही संस्था महात्मा गांधींनी १९२० साली स्थापन केली होती. सरकारी मदतीवर न चालणारी ती राष्ट्रीय संस्था होती. अमेरिकेच्या मानाने तेथे पैसा थोडा होता, पण देशाच्या कामात आपला वाटा असावा, असे धर्मानंदांना वाटत होते. पुढे विसुद्धिमग्गचे काम पुरे करण्यासाठी ते पुन्हा एकदा हार्वर्डला जाऊन आले.

१९२९ साली त्यांना रशियातील लेनिनग्राड येथून बोलावणे आले. ते तेथे गेले आणि पाली शिकवू लागले. या शहराला आज सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. तेथे कडाक्याची थंडी होती, पण विद्वानांचा सहवास होता. तरी ते तेथे फार दिवस राहिले नाहीत. १९३० साली भारतात मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा धर्मानंदांचे वय पन्नाशीपुढे गेले होते. ते मायदेशी परतले, सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगातही गेले. त्यानंतर ते आणखी एकदा हार्वर्डला जाऊन आले. १९३७ साली त्यांनी मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार सुरू केला. हार्वर्डमध्ये शिकवलेला पंडित आता गिरणी कामगारांना ज्ञान देत होता. बुद्धांचे चरित्र त्यांनी सोप्या मराठीत लिहिले.

४ जून १९४७ रोजी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. १९५० साली हार्वर्ड विद्यापीठाने विसुद्धिमग्ग हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या पानावर वॉरन यांच्या नावाबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे. ते पान पाहायला धर्मानंद मात्र राहिले नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे चाचा किंवा मामू आज आखाती देशांत नोकरीला असतील. उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक होईल आणि इंग्रजी किंवा गणित शिकवायला परदेशी जाईल. तेव्हा नुसत्या पगाराच्या आकड्यावर भाळून जाऊ नका. संस्था कोणाची आहे, ते विचारा. तेथे पूर्वी काम केलेल्या शिक्षकांकडून माहिती घ्या. आठवड्याला किती तास शिकवायचे, राहण्याची सोय कोण करणार, परतीचे भाडे कोण देणार, हे सारे करारात लिहून घ्या. समजत नसेल तर जाणत्या माणसाकडून तो वाचून घ्या. तोंडी शब्दावर घर गहाण टाकू नका. नोकरी लावून देणाऱ्याकडे सरकारचा परवाना आहे की नाही, ते पाहा. पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात ठेवायला देऊ नका.

आणि धर्मानंदांनी स्वतःला विचारला तो प्रश्नही विचारा. या कामातून माझे ज्ञान वाढेल का, आणि परत आल्यावर माझ्या गावातील मुलांना मी काय देऊ शकेन? धर्मानंदांनी प्रत्येक नोकरी स्वीकारताना किंवा सोडताना या प्रश्नाचे उत्तर शोधले. तुमचे उत्तर त्यांच्यापेक्षा वेगळे असू शकेल, कारण प्रत्येकाच्या घरची गरज वेगळी असते. घर चालवण्यासाठी जास्त पगाराची नोकरी निवडणे यात काही कमीपणा नाही. पण निवड डोळे उघडे ठेवून केलेली असावी.

स्वाध्याय

१. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी का सोडली?
२. १९१२ साली धर्मानंद हार्वर्डचे काम अपुरे ठेवून का परतले? त्यांचे वागणे तुम्हाला योग्य वाटते का? कारण सांगा.
३. परदेशी नोकरी स्वीकारण्यापूर्वी कोणत्या गोष्टी करारात लिहून घ्याव्यात?
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले, नोकरी व व्यवहाराशी संबंधित दहा शब्द लिहा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.