मास्टर दीनानाथ आणि त्यांच्या तबकड्या

भीमा-अमरजेच्या संगमावर दत्तदर्शनास येणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी लता मंगेशकरांचा स्वर ज्यांच्या कानी पडला नाही, असे कुटुंब विरळाच. परंतु ज्या पित्याकडून त्यांस हे गाणे मिळाले, त्या मास्टर दीनानाथांचा आवाज किती जणांनी ऐकला असेल ? त्यांच्या जुन्या तबकड्यांवरील गाणी पुढे लांब तबकड्यांवर, ध्वनिफितींवर आणि नंतर संगणकाच्या साहाय्याने स्वच्छ होऊन पुनःपुन्हा प्रसिद्ध झाली. त्या निमित्ताने या पुरुषाचे चरित्र थोडक्यात सांगावे, असे आम्हांस वाटते.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. मातोश्री येसूबाई याच देवस्थानाच्या आश्रयाच्या कलावंत. दीनानाथांनी पुढे गावाचेच नाव आडनाव म्हणून धारण केले. आमच्या घरची बोली कोंकणी असल्यामुळे या गोष्टीचे आम्हांस थोडे अधिक कौतुक आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे. बालपणी बाबा माशेलकरांकडे आणि पुढे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले.

त्या काळी सुस्वर मुलास नाटक मंडळीवाचून दुसरी पाठशाळा नव्हती. किर्लोस्कर मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्या कर्नाटकातीलच. १९१३ साली बालगंधर्व ती मंडळी सोडून गेले आणि तिला नव्या गायक नटाची निकड भासली. त्यानंतर दीनानाथ तेथे दाखल झाले. परंतु दुसऱ्याच्या रिकाम्या जागी बसून त्याचेच गाणे गावे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ते बाहेर पडले व त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापिली. त्या वेळी त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते !

गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तील लतिका ही त्यांची गाजलेली स्त्रीभूमिका. १९२७ साली वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ आणि १९३१ साली सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ ही नाटके बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणली. परकी सत्ता असताना अशा लेखकांची नाटके करणे हा केवळ धंद्याचा हिशेब नव्हता. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ व संथ, तर दीनानाथांचे झेप घेणारे. त्यात पंजाबी वळण असे, आणि तान वरच्या स्वरावर अकस्मात जाऊन आदळे. कित्येकांस ते फार उग्र वाटले. आमच्या मते त्या उग्रतेतच त्यांचे मोठेपण आहे.

पुढे बोलपटांनी नाटकांचा प्रेक्षक ओढून नेला. बळवंत मंडळीनेही ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढला. १९३४ साली तो प्रदर्शित झाला आणि मोठी खोट आली. नंतरचे दिवस ओढग्रस्तीत गेले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास दीनानाथ निवर्तले. वय अवघे एकेचाळीस. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची होती, आणि संसाराचा भार तिच्यावर पडला.

ज्यांनी ती नाटके पाहिली, ती पिढी आता राहिली नाही. उरल्या त्या तबकड्या. दहा इंची लाखेची तबकडी, एका बाजूस सुमारे तीन मिनिटे. रंगभूमीवर जे पद प्रेक्षकांच्या आग्रहाने कितीही वेळ रंगे, ते या तीन मिनिटांत कोंबावे लागे.

अशी तबकडी नवी करून प्रसिद्ध करणे म्हणजे केवळ धूळ पुसणे नव्हे. प्रथम कमीत कमी झिजलेली प्रत शोधावी लागते, मग तिच्या खाचेस नेमकी बसेल अशी सुई. खरी कसोटी वेगाची. मिनिटास ७८ फेरे असे म्हणत असले, तरी ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र तंतोतंत त्याच वेगाने फिरे असे नाही. वेग सहा टक्क्यांनी वाढविला, तर सारे गाणे अर्ध्या स्वराने चढते. मग ऐकणारा म्हणतो, केवढा हा चढा आणि तेजस्वी गळा ! ते तेज दीनानाथांचे की यंत्राचे ? साथीच्या पेटीचे सूर ठरलेले असल्याने तिच्यावरून पट्टी ताडता येते. तरीही शेजारच्या दोन पट्ट्यांपैकी कोणती खरी, हा वाद जाणत्या कानालाच सोडवावा लागतो. खरखरीचेही तसेच. ती संगणकाने पुरती काढू गेल्यास तिच्याबरोबर स, श यांसारखे उच्चार आणि तानेपूर्वी घेतलेला श्वासही निघून जातो. आवाज गुळगुळीत होतो, पण माणूस दूर जातो. आम्हांस विचाराल तर थोडी खरखर राहू द्यावी.

कोणाच्या घरी माळ्यावर जुनी तबकडी असेल, तर ती स्पिरिटने मुळीच पुसू नये. लाख त्यात विरघळते. उन्हात ठेवू नये, एकीवर एक रचू नये. उभी ठेवावी आणि शाळेत आणून दाखवावी. तिच्यावर कोणाचे गाणे आहे, ते आपण मिळून वाचू.