आत्म्याची न्याहारी : जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र

बाप्तिस्म्याच्या दिवशी अंतःकरणात जो आनंद असतो, तो पुढे चार-दोन वर्षांत कोठे जातो, हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळांच्या मनात असतो. उघडपणे विचारणारे मात्र थोडे. पीक बुडाले, घरात दुखणे शिरले, भाऊबंद दुरावले, की प्रार्थना तोंडाने चालू राहते, पण आतला झरा आटतो. उपदेशक बंधूंची अडचण तर याहून कठीण. त्यांस वारंवार लोकांपुढे शास्त्र उघडावे लागते, आणि दुसऱ्यांस वाढता वाढता स्वतःचे ताट रिकामे राहते. अशा सर्वांसाठी आम्ही येथे जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र थोडक्यात देत आहो. अनाथांचे पालक म्हणून त्यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. आत्म्याचा आनंद त्यांनी अखेरपर्यंत कोणत्या रीतीने राखला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

जॉर्ज म्यूलर यांचा जन्म ता. २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशिया देशातील क्रोपनस्टेट या गावी झाला. त्यांचे वडील सरकारी कर वसूल करण्याच्या कामावर होते. वडिलांजवळ जमा असलेल्या सरकारी पैशांतून चोरी करण्याची खोड जॉर्जला लहानपणीच लागली. पुढे खोटे बोलणे, जुगार व दारू हीही आली. सोळा वर्षांचा असताना, खाणावळीत राहून तेथील पैसे न दिल्यामुळे, त्याला काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. असा हा मुलगा पाळक व्हावा अशी बापाची इच्छा होती, कारण त्या कामात पोट सुखाने भरेल असा त्याचा हिशेब होता. त्या हेतूने जॉर्ज १८२५ साली हाले येथील विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागला. परंतु त्याच्या पुष्कळशा पुस्तकांत पवित्र शास्त्राची एकही प्रत नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यातील एका शनिवारी संध्याकाळी एक मित्र त्याला एका विश्वासणाऱ्याच्या घरी प्रार्थनेस घेऊन गेला. तेथे एका बंधूने गुडघे टेकून प्रार्थना केली. धर्मशास्त्राच्या त्या विद्यार्थ्याने गुडघे टेकून प्रार्थना करणारा मनुष्य तोपर्यंत कधी पाहिला नव्हता. त्या रात्री घरी परतताना त्याचे मन आनंदाने भरून गेले, आणि हा आनंद कशाचा हे त्याला नीट सांगता येईना. त्याच्या नव्या जीवनाचा आरंभ असा झाला. तो आनंद त्याला फुकट मिळाला होता. तो राखण्याची रीत शिकावयास पुढे पंधरा वर्षे लागली.

१८२९ साली म्यूलरसाहेब इंग्लंडास आले, आणि पुढल्या वर्षी टेनमथ येथील लहानशा मंडळीचे पाळक झाले. त्याच सुमारास मेरी ग्रोव्ह्ज या बाईंशी त्यांचा विवाह झाला. हिंदुस्थानात सेवा केलेले मिशनरी अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज हे या बाईंचे बंधू होत. विवाहानंतर लवकरच पतिपत्नींनी ठरीव पगार सोडून दिला व लोक स्वखुशीने देतील तेवढ्यावर राहण्याचे ठरविले. १८३२ साली ती उभयता ब्रिस्टल शहरी गेली. तेथे १८३६ साली भाड्याच्या एका घरात त्यांनी अनाथ मुलींसाठी आश्रम उघडला, आणि वर्षा-दोन वर्षांत अशी तीन घरे झाली. पैशासाठी कोणा मनुष्यापुढे हात पसरावयाचा नाही, जे मागावयाचे ते देवापाशी, हा त्यांचा नेम होता. याच्या अगोदर, १८३५ साली, त्यांचा लहानगा मुलगा एलीया वारला होता. दुःख काय असते हे ठाऊक असूनच त्यांनी परक्यांची लेकरे आपल्या घरात घेतली.

१८३८ पासून कसोटीची वर्षे आली. सकाळी मुले जेवली, पण संध्याकाळचे काय, हे पुष्कळदा कोणास ठाऊक नसे. म्यूलरसाहेब व त्यांचे सहकारी एकत्र जमून प्रार्थना करीत, आणि कोठून तरी मदत येई. मुले एकदाही उपाशी राहिली नाहीत, असे त्यांनी आपल्या रोजनिशीवरून नमूद करून ठेवले आहे.

या ओढग्रस्तीच्या काळात, १८४१ साली, ते विश्रांतीसाठी नेल्सवर्थ या गावी गेले असता त्यांस एक गोष्ट उमगली. दहा वर्षांहून अधिक काळ त्यांची वहिवाट अशी होती की, सकाळी उठून कपडे घातले की लागलेच प्रार्थनेस लागावे. पण पुष्कळदा अर्धा-अर्धा तास मन भटकत राही आणि मगच खरी प्रार्थना सुरू होई. तेव्हा त्यांनी क्रम बदलला. प्रथम देवाजवळ थोडक्यात आशीर्वाद मागावा, मग नव्या कराराच्या आरंभापासून एकेक वचन घेऊन त्यावर शांतपणे मनन करावे, आणि त्या वचनातून आपल्या स्वतःच्या जिवासाठी अन्न शोधावे. असे करू लागताच काही मिनिटांत मन आपोआप पापकबुलीकडे, आभाराकडे किंवा विनंतीकडे वळे. प्रार्थना आता जुलमाने करावी लागत नसे; बापाने बोलावे आणि लेकराने उत्तर द्यावे, तशी ती होऊ लागली. प्रकृतीस बरे म्हणून ते मोठ्या अक्षरांचा नवा करार हाती घेऊन न्याहारीपूर्वी शेतांतून फिरत फिरत हे मनन करीत.

या अनुभवावरून त्यांनी ठरविले की, दिवसाचे पहिले व सर्वांत मोठे काम म्हणजे आपला आत्मा प्रभूमध्ये आनंदी करणे. कोणास हे स्वार्थाचे वाटेल. पण त्यांचे म्हणणे नीट ध्यानात घ्यावे. मनुष्य उपदेश करील, गरिबांस साह्य करील, दुखणाईतांस भेटेल. तरी त्याच्या स्वतःच्या आत्म्यास अन्न मिळाले नसेल, तर तीच कामे तो चुकीच्या वृत्तीने करील. शहाणा शेतकरी बैलांपुढे वैरण टाकल्यावाचून त्यांस जुंपीत नाही, आणि त्यास कोणी आळशी म्हणत नाही. मनन करिताना उपदेशासाठी मुद्दे गोळा करावयाचे नाहीत, याविषयी म्यूलरसाहेब फार दक्ष असत. तथापि जे वचन प्रथम त्यांची भूक भागवी, तेच मागाहून इतरांच्याही उपयोगी पडे. उपदेशक बंधूंनी ही गोष्ट विशेषेकरून मनात धरावी.

आनंदाची खरी परीक्षा दुःखात होते. १८७० सालच्या फेब्रुवारी महिन्यात मेरीबाई संधिवाताच्या तापाने वारल्या. एकोणचाळीस वर्षांचा संसार मोडला. तरी त्यांच्या प्रेतसंस्काराच्या वेळी म्यूलरसाहेबांनी स्वतः उपदेश केला, आणि त्यासाठी एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातील देवाच्या चांगुलपणाविषयीचे वचन घेतले. देवाने ती सोबतीण दिली यात तो चांगला, इतकी वर्षे जवळ राहू दिली यात चांगला, आणि आता नेली यातही चांगलाच, असा त्या उपदेशाचा आशय होता. त्यांस वियोगाचे दुःख झाले नाही असे कोणी समजू नये. ते दुःख त्यांनी पुढेही बोलून दाखविले. पण जो मनुष्य जवळजवळ तीस वर्षे रोज सकाळी देवाचा चांगुलपणा चाखीत आला, त्यास त्या दिवशी देव अनोळखी वाटला नाही. संकटाच्या दिवशी नवी विहीर खणावयास सवड नसते. अगोदर खणलेल्या विहिरीचेच पाणी कामी येते.

एव्हाना ब्रिस्टलजवळच्या ॲश्ली डाऊन या टेकाडावर पाच मोठी घरे उभी राहिली होती, आणि त्यांत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होती. १८७५ पासून १८९२ पर्यंत, म्हणजे सत्तरीच्या सुमारास आरंभ करून, म्यूलरसाहेब उपदेश करीत बेचाळीस देशांत फिरले. त्यांत आपला देशही होता. १८९० सालच्या जानेवारीत ते जबलपूर येथे असता, इंग्लंडात त्यांची कन्या लिडिया वारल्याची बातमी आली. तिने सुमारे तीस वर्षे अनाथांची सेवा वेतनावाचून केली होती. परक्या मुलखात, चौऱ्यांशीव्या वर्षी, हा घाव सोसावा लागला. देव आपल्या लोकांच्या हिताचेच करितो, हा विश्वास त्यांनी तेथेही सोडला नाही.

ता. ९ मार्च १८९८ रोजी संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे प्रार्थनासभेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ब्याण्णवाव्या वर्षी, आपल्या खोलीत ते प्रभूजवळ गेलेले आढळले. त्यांच्या हयातीत दहा हजारांवर अनाथ मुले त्या आश्रमांत वाढली.

आता कोणी म्हणेल, आम्हांस पहाटे गुरे पाहावयाची, पाणी भरावयाचे, मजुरीस जावयाचे. तास-दोन तास शेतांतून फिरावयास सवड कोठून आणावी? सवड थोडी असेल तर एकच वचन घ्यावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांनी रात्री मुलाकडून एक वचन वाचून घ्यावे, आणि सकाळी चुलीपाशी, गोठ्यात किंवा शेताच्या वाटेवर ते मनात घोळवावे. अरण्यात इस्राएल लोकांस मान्ना रोज सकाळी गोळा करावा लागे. ऊन चढले की तो विरघळून जाई. कालचा आनंद आजच्या दिवसाला पुरत नाही, म्हणून कालच्या आनंदासाठी रडत बसू नये. अंतःकरण कोरडे वाटत असेल तर, भुकेला मनुष्य जसा भूक आहे म्हणूनच पानावर बसतो, तसे कोरड्या अंतःकरणानेच वचनाजवळ बसावे. म्यूलरसाहेबांस ज्याने वाढले, तो प्रभू आमच्या मंडळ्यांतील प्रत्येक झोपडीतही वाढावयास सिद्ध आहे.