कोंबडीचे रक्त आणि उंदराची शेपटी

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील एका प्रयोगशाळेत अधूनमधून जिवंत कोंबडी आणली जाई. एक उंचापुरा, धिप्पाड माणूस तिला ठोकळ्यावर दाबून धरी, छातीत सुई घालून थेट हृदयातून रक्त काढून घेई, टोचल्या जागी आयोडिनचा थेंब लावी आणि तिला सोडून देई. त्या माणसाचे नाव जॉर्ज ओटो गाय. आडनावाचा उच्चार आपल्या गायीसारखाच. ‘हेला’ या नावाने जगभर पसरलेल्या पेशी पहिल्यांदा वाढल्या त्या याच डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत. कोंबडीच्या रक्ताशी मात्र त्यांचे वैर आणि सख्य त्याआधी वीसएक वर्षे चालू होते.

जॉर्ज यांचा जन्म १८९९चा, पिट्सबर्गमधल्या जर्मन स्थलांतरितांच्या गरीब घरातला. सुतारकाम, गवंडीकाम करून त्यांनी विद्यापीठाच्या शिक्षणाचे पैसे उभे केले. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये वैद्यकीचे शिक्षणही पैशांअभावी थांबत थांबत झाले आणि पदवी हाती आली ती १९३३ मध्ये. तोवर पत्नी मार्गारेट यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळा उभी केली होती. मार्गारेट शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका. शरीराबाहेर पेशी वाढवायच्या तर आधी जंतूंपासून वाचवायच्या, आणि निर्जंतुकीकरणाची शिस्त त्यांच्या हाडात मुरलेली होती. काचसामान धुण्याचा साबणही त्यांना ठरावीकच लागे. तो बाजारातून जाणार असे कळल्यावर त्यांनी मालगाडीचा अख्खा डबा भरून मागवला, असे सांगतात.

पेशी शरीराबाहेर जगू शकतात, हे तोपर्यंत माहीत झाले होते. याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गोठलेल्या लसिकेत मज्जातंतू वाढताना पाहिले होते. लसिका का, तर बहुतेक पेशींना पाय रोवायला जागा लागते. नुसत्या पौष्टिक पाण्यात त्या तरंगत मरतात. शरीरात त्यांच्याभोवती प्रथिनांचे जाळे असते, त्याला धरून त्या पसरतात, विभागतात. काचेवर असे जाळे नसते. म्हणून काचेला प्रथिनांचे अस्तर द्यायचे, आणि त्यासाठी कोंबडीचा रक्तद्रव. त्यात भ्रूणाचा अर्क घातला की विरजण लागावे तसा तो काही मिनिटांत घट्ट होतो आणि ऊतीचा तुकडा जागेवर धरून ठेवतो.

जॉर्ज यांना तर हे अस्तर फारच पक्के हवे होते. शरीरात रक्त आणि द्रव सतत वाहत असतात, मग नळीतल्या पेशी साचलेल्या पाण्यात का ठेवायच्या, असा त्यांचा विचार. भंगारातले सुटे भाग जमवून त्यांनी एक पिंप बनवले. त्याच्या भोकांमध्ये परीक्षानळ्या आडव्या बसवायच्या आणि पिंप दिवसरात्र, तासाला एखाद-दुसरा फेरा इतक्या संथपणे फिरवायचे. नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या पेशी आळीपाळीने द्रवात बुडत आणि हवेत येत. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही ‘रोलर ट्यूब’ पद्धत अनेक प्रयोगशाळांनी उचलली.

पण सगळा डोलारा त्या गोठलेल्या रक्तद्रवावर उभा. तो सुटला की तुकडे धुऊन जात आणि आठवड्यांची मेहनत वाया जाई. आणि तो सुटत असे. रक्त गोठवणारी यंत्रणा शरीराने जशी दिली आहे तशीच गुठळी विरघळवणारीही दिली आहे. कर्करोगाच्या पेशी तर हे काम फार जोमाने करतात, ज्या फांदीवर बसायचे तीच तोडतात. शिवाय रक्तद्रव साठवणे हीच कटकट. काढल्याबरोबर थंड करायचा, गोठू नये म्हणून आतून मेण दिलेल्या नळीत ठेवायचा, तरी तो फार दिवस कामाचा राहत नसे. एका कोंबडीचा रक्तद्रव दुसरीसारखा नसे. प्रयोग फसला तर दोष पेशींचा की अस्तराचा, हे सांगणे कठीण. मग पुन्हा कोंबडी.

फेब्रुवारी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांपलीकडे आयुष्य न लाभलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा तुकडा या प्रयोगशाळेत आला. सहायिकेने नेहमीप्रमाणे त्याचे बारीक तुकडे करून कोंबडीच्या गोठलेल्या रक्तद्रवावर ठेवले. त्या पेशी वाढल्या, आणि वाढतच राहिल्या. गंमत अशी, की या पेशींना अस्तराची गरजच नव्हती. उघड्या काचेवरही त्या पसरत. ज्या अस्तरासाठी जॉर्ज यांनी जन्म घालवला, त्याच्यावाचून जगणाऱ्या पेशींनी त्यांना प्रसिद्ध केले. मागेल त्याला त्यांनी त्या दिल्या, मोबदला घेतला नाही. पोलिओचा विषाणू या पेशींत वाढतो हे लवकरच दिसले आणि सॉक यांच्या लशीच्या चाचण्यांसाठी त्या टस्कीगी येथे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या. हेन्रिएटा मात्र ४ ऑक्टोबर १९५१ रोजी वारल्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या काळी विचारण्याची रीत नव्हती हे खरे, पण म्हणून ती गोष्ट लहान होत नाही.

हेला हा अपवाद होता. निरोगी शरीरातल्या नाजूक पेशी आपल्या सवयीप्रमाणे बिछाना मागतच होत्या. १९५६ मध्ये रॉबर्ट एरमन आणि जॉर्ज गाय यांनी त्यावर तोडगा प्रसिद्ध केला: उंदराची शेपटी. तिच्यातील पांढरे, दोऱ्यासारखे स्नायुबंध जवळजवळ शुद्ध कोलॅजेनचे असतात. व्हिनेगरमध्ये असते त्या आम्लाच्या सौम्य द्रावणात ते फुगतात, विरघळतात आणि दाट पारदर्शक द्रव तयार होतो. त्याचे आम्लपण घालवले की चायना ग्रासप्रमाणे तो घट्ट होतो. अमोनियाची वाफ दिली तरी हे काम होते. कोंबडीच्या गुठळीसारखा तो पेशींच्या सहज मारामुळे विरघळत नाही आणि पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्वच्छ दिसतात.

कोलॅजेन इतके चिवट का, याचे उत्तर मद्रासहून आले होते. १९५४-५५ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी दाखवले, की कोलॅजेनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांची घट्ट वेणी. (त्यांनी तपासलेले कोलॅजेन कांगारूच्या शेपटीचे. शेपट्यांचे या शास्त्रावर उपकार आहेत.) ही वेणी सुटत नाही तोवर बहुतेक पाचक प्रथिनांची डाळ तिथे शिजत नाही. आम्लात आणि थंडीत ठेवले तर द्रावण महिनोन्‌महिने टिकते. आम्ल तंतूंना एकमेकांत गुंतू देत नाही, थंडी वेणी उलगडू देत नाही. ऊब वाढली की मात्र वेणी सुटते आणि उरते ते नुसते जिलेटिन. गोठवणेही बाधते. म्हणून आजही बाटलीवर शीतकपाटात ठेवा, बर्फ होऊ देऊ नका, अशी सूचना असते.

लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन यांसारखी पुढे आलेली अस्तर-प्रथिने आणखी नाजूक आहेत. वारंवार गोठवून वितळवल्यास किंवा जोरात हलवल्यास ती बिघडू शकतात. लेप सुकवून साठवायचा तर पाण्याबरोबर प्रथिनाचा आकारही जाण्याची भीती. तिथे ट्रेहॅलोजसारखी साखर घालतात. पाणी गेले की ती प्रथिनाभोवती काचेसारखी घट्ट बसते आणि त्याची घडी मोडू देत नाही. आज पेशी वाढवायच्या तबकड्या लेप दिलेल्या, पाकीटबंद मिळतात आणि त्यावर वापराची अंतिम तारीख छापलेली असते. कोंबडीच्या रक्तद्रवाला अशी तारीख कोण देणार होते?

१९७० मध्ये जॉर्ज यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे कळले. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीचा तुकडा काढून तो आपल्याच प्रयोगशाळेत वाढवावा, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. सहकारी तयारीत थांबले होते. शल्यचिकित्सकांनी पोट उघडले तेव्हा रोग इतका पसरला होता, की जिवाला धोका नको म्हणून त्यांनी तुकडा न घेताच पोट बंद केले. शुद्धीवर आल्यावर हे कळताच जॉर्ज संतापले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ते वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या लेखात हेन्रिएटा लॅक्स हे खरे नाव छापले गेले. त्यांच्या पेशी अजून वाढत आहेत, ही गोष्ट त्यांच्या मुलांच्या कानावर पडायला मात्र १९७३ उजाडले.