फ्रेडरिक डग्लस : चरित्र आणि वास्तू

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना त्यांच्या पश्चात त्यांच्या घराचे काय झाले, याची चौकशी आपण क्वचितच करतो. पुतळे उभे राहतात, पुण्यतिथ्या साजऱ्या होतात. आणि ज्या वास्तूत ते राहिले ती मात्र वाटण्यांत आणि कर्जात सापडून नामशेष होते. आपल्या ज्ञातीतील किती कर्त्या पुरुषांचे वाडे असे गेले, हे वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. म्हणूनच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी फ्रेडरिक डग्लस यांचे चरित्र देताना त्यांच्या घराची हकीकत जरा विस्ताराने देण्याचे योजिले आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. त्या चळवळीच्या अग्रणींपैकी डग्लस हे एक होत.

डग्लस यांचा जन्म १८१८ साली मेरीलँड प्रांतात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. जन्मतिथी त्यांस कधीच कळली नाही. गुलामाच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? बाल्टिमोर शहरी ज्या घरात त्यांस ठेवले होते, तेथील गृहिणीने मुळाक्षरे शिकविली. यजमानाने ते शिक्षण बंद पाडले, तेव्हा या मुलाने रस्त्यावरील गोऱ्या पोरांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून वाचन शिकून घेतले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून व उसनी कागदपत्रे खिशात घालून ते पळाले. प्रवासखर्चास हातभार लावणारी ॲना मरी ही स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणी पुढे त्यांची पत्नी झाली. १८४५ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि नाव सर्वतोमुखी झाले. पण त्यामुळेच पकडले जाण्याचे भय वाढले. ते इंग्लंडास गेले. तेथील स्नेह्यांनी वर्गणी जमवून १८४६ मध्ये त्यांच्या मालकास १५० पौंड दिले व त्यांस कायद्याने मुक्त करविले. नंतर रॉचेस्टर येथे त्यांनी वृत्तपत्र काढले, स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार केला, आणि यादवी युद्धात कृष्णवर्णीयांची सैन्यात भरती व्हावी म्हणून अध्यक्ष लिंकन यांच्या सरकारचा पिच्छा पुरविला. त्यांचे दोन पुत्र त्या सैन्यात दाखल झाले होते.

१८७२ साली रॉचेस्टरचे त्यांचे घर आगीत भस्म झाले. वृत्तपत्राच्या जुन्या अंकांचा मोलाचा संग्रह त्यात गेला. आग कोणी मुद्दाम लावली असावी, असा त्यांचा संशय होता. यानंतर ते वॉशिंग्टनला आले व १८७७ साली ॲनाकोस्टिया भागातील टेकडीवरचे घर त्यांनी ६,७०० डॉलरांस विकत घेतले. यातील एक मौज सांगण्याजोगी आहे. हे घर ज्या गृहस्थाने बांधले, त्यानेच शेजारी वसाहत वसविली होती आणि तिच्यातील जागा कृष्णवर्णीयांस विकू नयेत, अशी अट घातली होती. त्याच्याच घरात आता एकेकाळचा गुलाम धनी म्हणून राहू लागला! डग्लस यांनी घरास ‘सीडर हिल’ असे नाव दिले, खोल्या वाढविल्या, ग्रंथसंग्रह केला. सायंकाळी ते व्हायोलिन वाजवीत.

१८८२ साली ॲनाबाई निवर्तल्या. दोन वर्षांनी डग्लस यांनी हेलन पिट्स या गौरवर्णी विदुषीशी विवाह केला. उभय कुटुंबांस तो रुचला नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजी महिलांच्या एका परिषदेस उपस्थित राहून ते घरी परतले आणि त्याच सायंकाळी त्यांचे देहावसान झाले.

घर पत्नीस मिळावे असे मृत्युपत्र होते. परंतु स्थावरासाठी कायद्याने तीन साक्षीदार लागत आणि सह्या दोनच होत्या. एका सहीवाचून मृत्युपत्राचा तो भाग निरर्थक ठरला! वारसांचा कल घर विकून पैसे वाटून घेण्याकडे होता. त्यांस सर्वस्वी दोष देता येत नाही. वाटणीत आपला हिस्सा मागणे हे कोठेही घडते. हेलनबाईंनी मात्र घर गहाण टाकून कर्ज काढले, वारसांचे हिस्से विकत घेतले आणि गावोगाव व्याख्याने देऊन त्या कर्ज फेडीत राहिल्या. १९०० साली अमेरिकेच्या काँग्रेसकडून कायदा करवून त्यांनी स्मारक संस्था स्थापन केली. १९०३ साली त्या वारल्या, तेव्हा घर संस्थेकडे आले, पण त्याबरोबर कर्जही आले.

संस्थेच्या पुरुष विश्वस्तांना ते ओझे पेलवेना. अखेर १९१६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळांच्या राष्ट्रीय संघाने, अध्यक्षा मेरी टॅलबर्ट यांच्या नेतृत्वाखाली, हे कार्य अंगावर घेतले. यांतील पुष्कळ स्त्रिया शिक्षिका होत्या, कित्येक धुणे-शिवणावर पोट भरणाऱ्या होत्या. थोड्याथोड्या वर्गणीने दोन वर्षांत गहाण सुटले. सर्वांत मोठी वैयक्तिक देणगी ५०० डॉलरांची, मॅडम सी. जे. वॉकर यांची होती. एके काळी कपडे धुऊन गुजराण केलेल्या या बाई पुढे मोठ्या उद्योजिका झाल्या होत्या. १९१८ साली डेन्व्हरच्या अधिवेशनात गहाणखत समारंभपूर्वक जाळण्यात आले. घराची डागडुजी करून १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि पुढे चार दशके या स्त्रियांनीच ते सांभाळले. १९६२ साली कायद्याने ते राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेले व संपूर्ण दुरुस्तीनंतर १९७२ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडले.

घरातील बहुतेक सामान डग्लस कुटुंबाच्या वापरातलेच आहे. मागील अंगणात एक बिनखिडकीची दगडी खोली आहे. ती नंतर पुन्हा बांधलेली आहे; मूळ खोलीत डग्लस एकटे बसून वाचन-लेखन करीत.