बधिर अंग आणि जागती शुश्रूषा

महात्मा गांधी हे राजकारणी पुरुष व सत्याग्रहाचे प्रणेते म्हणून आमच्या वाचकांस पूर्ण परिचित आहेत. परंतु परिचारक म्हणून त्यांचे जे दुसरे चरित्र आहे, तिकडे लोकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. त्या चरित्रातील दोन प्रसंग आमच्या पुण्याच्या येरवडा तुरुंगाशी निगडित आहेत. म्हणून त्याचे स्मरण करून देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

1869 साली पोरबंदरास जन्मलेल्या या मुलाने शुश्रूषेचे पहिले पाठ वडिलांच्या बिछान्यापाशी गिरविले. वडिलांची जखम बांधणे, औषध देणे व रात्री पाय चेपणे ही कामे 1885 साली ते निवर्तेपर्यंत त्याच्याकडेच होती. पुढे दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टरी चालू असता डरबानच्या घरी दाराशी एक कुष्ठरोगी आला, तेव्हा त्याला केवळ जेवण देऊन वाटेला न लावता गांधींनी त्यास घरात ठेवून घेतले व त्याच्या जखमा धुतल्या. नंतर एका धर्मार्थ रुग्णालयात ते रोज काही वेळ काम करू लागले. 1899 च्या बोअर युद्धात त्यांनी जखमी सैनिक वाहून नेणारे हिंदी पथक उभारले, आणि 1904 साली जोहान्सबर्ग येथे प्लेग उद्भवला असता 23 रोग्यांची शुश्रूषा करण्यास ते स्वतः उभे राहिले.

1922 साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवड्यास आले. 1924 च्या जानेवारीत आंत्रपुच्छाच्या विकाराने दुखणे विकोपास गेले, म्हणून त्यांस ससून रुग्णालयात हलविण्यात आले, आणि 12 तारखेच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असताच विजेचे दिवे गेले व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. रोगी क्लोरोफॉर्मने निश्चेष्ट पडलेला. त्यास ना दिसत होते, ना दुखत होते. त्या घटकेस त्याचे डोळे व त्याची स्पर्शसंवेदना ही सर्वस्वी दुसऱ्यांच्या हाती होती. ज्याने जन्मभर इतरांची सेवा केली, तो त्या रात्री सर्वथा पराधीन रोगी झाला.

1932 साली ते पुनः येरवड्यात बंदी असता त्याच तुरुंगात परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे व्यासंगी पंडित सत्याग्रही म्हणून शिक्षा भोगीत होते. त्यांस कुष्ठरोग जडल्यामुळे इतर बंद्यांपासून निराळे ठेवले होते. महात्माजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला. या रोगाचे खरे स्वरूप वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. 1873 साली हॅन्सेन यांनी शोधून काढलेला जंतू ज्ञानतंतूंवर घाला घालतो. ऊन-थंड कळेनासे होते, मग स्पर्श व वेदनाही जाते. वेदना ही शरीराची पहारेकरीण होय; ती झोपली की तव्याने हात भाजतो, वहाणेतील खिळा तळव्यात रुततो, आणि मनुष्यास पत्ताही लागत नाही. पापणी मिटेनाशी झाली म्हणजे डोळाही जातो. बोटे झडतात ती पुष्कळ अंशी अशा न कळलेल्या इजांनी, हे पुढे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले.

1939 साली हेच शास्त्रीबोवा सेवाग्रामास येऊन दाखल झाले. आश्रमात इतर माणसे राहत असल्याने प्रश्न सोपा नव्हता. तरी महात्माजींनी आपल्या कुटीजवळच त्यांस झोपडी करून दिली, आणि देशाच्या राजकारणाचा सर्व भार शिरावर असता त्यांच्या जखमा धुण्याचे व अंगास मालिश करण्याचे काम स्वतःकडे घेतले. ज्या कातडीस काही कळत नाही, तिच्यासाठी दुसऱ्याने पाहावे, दुसऱ्याने चाचपावे, हेच त्या सेवेचे मर्म होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 साली काढलेल्या कुष्ठधामात 1945 साली शास्त्रीबोवांचा अंत झाला. कुष्ठसेवेस महात्माजींनी विधायक कार्यक्रमात स्थान दिले, आणि 1948 साली ज्या 30 जानेवारीस त्यांचा वध झाला, तो दिवस आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो.

आता कोणी म्हणेल, औषधे निघाली, रोग हटला, मग ही जुनी कथा कशास? औषधांनी रोग बरा होतो हे खरे. परंतु 2023 साली जगात जेवढे नवे कुष्ठरोगी सापडले त्यांत निम्म्याहून अधिक आपल्याच देशातील होते, आणि औषधाने जंतू मेले तरी मेलेला ज्ञानतंतू बहुधा परत येत नाही. कायद्याची गती तर याहून मंद! रोग्यांस कोंडून ठेवू देणारा 1898 चा कायदा रद्द होण्यास 2016 साल उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकण्यास 2019. कायद्याने सोडलेले हे भय समाजाच्या मनाने सोडले आहे, असे आम्हांस म्हणवत नाही.

शिवाय ही गोष्ट कुष्ठापुरती नाही. पेढीवर दिवसभर बैठक मारणाऱ्या आमच्या कित्येक व्यापारी बंधूंस मधुमेह आहे. त्यांचेही तळवे असेच हळूहळू बधिर होतात. अशा माणसाचे पाय रोज रात्री दिव्यापाशी कोणी पाहावेत, वहाण झटकून द्यावी, पाण्याचा कढतपणा आपल्या हाताने आधी अजमावावा. दृष्टी मंदावलेल्या वडिलांस हात लावण्यापूर्वी आपण कोण ते सांगावे. कमी ऐकणाऱ्या आईशी समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. यास पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. लागते ती नित्याची दक्षता.

रोग्याची संवेदना रोगाने जाते, त्यास इलाज थोडा. निरोग्याची संवेदना किळसेने व आळसाने जाते. तिचा इलाज मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. येरवड्याच्या या बंद्याचा जयजयकार पुणेकरांनी पुष्कळ केला. त्याच्या हातांचे अनुकरण आपापल्या घरात आज रात्रीपासून सुरू व्हावे, एवढीच आमची विनंती आहे.