शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

मोहन्यापासून मोखाड्यापर्यंत कोणत्याही वस्तीत जा, 'अंगणवाडी' म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पत्र्याच्या किंवा कौलारू खोलीत पंचवीस-तीस मुले बसतात, भिंतीवर फळाफुलांची चित्रे असतात, वजनकाटा असतो आणि बाहेर पाण्याचे पिंप असते. शब्द इतका सरकारी झाला आहे, की त्यात 'अंगण' आहे याकडे आता लक्षही जात नाही. ते अंगण मात्र एकेकाळी खरेखुरे होते. ते याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी गावाच्या हरिजन वस्तीत, कुणाच्या तरी दारासमोर शेणाने सारवलेले होते. आणि शाळा तिथवर चालत गेली, कारण मुले शाळेपर्यंत येत नव्हती. शाळेला घराच्या दारात नेणाऱ्या ताराबाई मोडक यांचे सारे आयुष्य एका प्रश्नाभोवती फिरले, असे म्हणता येईल. लहान मूल बालवाडीत काय करते, हे त्याच्या आईबापांना कळवायचे कसे, हा तो प्रश्न.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाच्या चळवळीतले, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही यावर त्या घरात वाद होण्याचे कारण नव्हते. मुंबईत शिक्षण घेऊन १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्री ही बोटावर मोजण्याजोगी गोष्ट होती. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो सुखाचा ठरला नाही आणि १९२१ मध्ये संपुष्टात आला. पदरी एक लहान मुलगी होती. वऱ्हाडातल्या प्रतिष्ठित वकिलाचे घर सोडून, मुलीला कडेवर घेऊन नोकरीच्या शोधात निघणाऱ्या बाईकडे त्या काळच्या समाजाने कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

राजकोटच्या स्त्री अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मानाची आणि बऱ्या पगाराची जागा. त्याच सुमारास त्यांच्या वाचनात मारिया माँटेसोरी या इटालियन डॉक्टर बाईंची पद्धत आली आणि शेजारच्या भावनगरमध्ये गिजुभाई बधेका नावाचा एक वकील वकिली टाकून लहान मुलांची शाळा चालवतो, हेही कानावर आले. ताराबाई भावनगरला गेल्या, त्यांनी ते काम पाहिले आणि प्राचार्यपद सोडले. १९२३ पासून सुमारे नऊ वर्षे दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात गिजुभाईंच्या जोडीने त्यांनी काम केले. मुलाला मारायचे नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाचे आमिष दाखवायचे नाही. त्याच्या हाताला काम आणि कानाला गोष्ट द्यायची. आज या गोष्टी पालकसभेत कोणीही बोलून जातो. छडी हाच शिक्षणाचा पाया मानणाऱ्या १९२०च्या दशकात त्या वेडेपणाच्या होत्या.

याच वर्षांत दोघांच्या एक गोष्ट लक्षात आली असावी. बालमंदिरात तीन-चार तास मुलाला मायेने वागवले आणि घरी गेल्यावर त्याला वडिलांची थप्पड बसली, तर सकाळचे सारे काम संध्याकाळी वाया जाते. म्हणजे मुलांइतकेच पालकांनाही शिकवायला हवे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंची गुजराती 'शिक्षणपत्रिका' याच कामासाठी होती. १९३३ मध्ये तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी सुरू केली आणि पुढे अनेक वर्षे चालवली.

मराठीतल्या नियतकालिकांचा इतिहास सांगताना या पत्रिकेचा उल्लेख क्वचितच होतो, हे नवल आहे. साहित्यिक वादांनी गाजलेली मासिके लक्षात राहतात. आईबापांशी बोलणारे हे मासिक मात्र शिक्षणाच्या अभ्यासकांपुरते उरले. ताराबाईंच्या पुस्तकांची नुसती नावे पाहिली तरी त्यांचे लिखाण कोणासाठी होते ते समजते : 'बालकांचा हट्ट', 'बिचारी बालके', 'बालविकास व शिस्त'. मूल हट्ट का करते, शिस्त म्हणजे काय आणि काय नव्हे, असे घराघरांतले विषय त्यांनी हाताळले. वर्गात बसून मुलांचे निरीक्षण करायचे आणि त्यातून जे हाती येईल ते घरच्या माणसांपर्यंत पोचवायचे, हा त्यांच्या लेखणीचा धर्म होता. आज बालवाडीच्या बाई दुपारी मोबाइलवर मुलांच्या रंगकामाची छायाचित्रे पालकांना पाठवतात. मुलाने आज काय केले ते घरी कळावे, ही त्यामागची गरज तीच आहे. फरक इतकाच, की ताराबाई त्यासोबत ते मुलाने का केले, हेही सांगत.

भावनगर सोडून त्या मुंबईस आल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केला. सोबत बालशिक्षिका घडवणारे अध्यापन मंदिरही आले. शिशुविहाराचे नाव झाले, मध्यमवर्गीय पालकांची तिथे रीघ लागली. येथवरचा प्रवास यशस्वी म्हणावा असाच होता आणि कोणी तिथेच थांबले असते तरी त्याला नावे ठेवता आली नसती. पण माँटेसोरी पद्धतीची साधने महाग, जागा शहरी आणि मासिक वाचायचे तर घरात अक्षरओळख हवी. ज्या देशात बहुसंख्य आयांना वाचता येत नव्हते, तिथे पत्रिका कितीशा घरांत पोचणार? १९४५ च्या सुमारास गांधीजींनी नयी तालीमची व्याप्ती सात वर्षांच्या आतल्या मुलांपर्यंत वाढवली आणि बालशिक्षण खेड्यात न्यायचे तर कसे, हा विचार त्या वर्तुळात जोर धरू लागला. ताराबाईंनी त्याला कृतीने उत्तर दिले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न होते.

१९४५ च्या अखेरीस बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. बालपणीच लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य वाट्याला आलेल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवणाऱ्या या पस्तिशीच्या शिक्षिकेने हातची नोकरी सोडली आणि ताराबाईंबरोबर बोर्डीची वाट धरली. हे वर्ष या भागाला दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. तलासरी-उंबरगाव पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठले ते १९४५ मध्येच. त्या उठावाची आणि या बालवाडीची वाट वेगळी होती. पण ज्या घरांतली माणसे पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबत होती, तशाच घरांतल्या मुलांसाठी हे काम पुढे उभे राहणार होते.

बोर्डीत गावातल्या बालवाडीत हरिजन वस्तीतली मुले येईनात. बोलावणी गेली, तरी येईनात. सवर्णांच्या पोरांशेजारी बसायचे, अंगावर धड कपडा नाही, धाकट्या भावंडाला सांभाळायचे कोणी, अशी कारणे एकात एक गुंतलेली. मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देऊन हात झटकणे सोपे होते. शिक्षण खात्याच्या दप्तरात अशा शेऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. ताराबाई आणि अनुताई सामान उचलून वस्तीत गेल्या. कुणाचे तरी अंगण झाडून घेतले, मुलांना आंघोळ घातली, नखे काढली, केस विंचरले आणि तिथेच गाणी-गोष्टी सुरू केल्या. हीच अंगणातली बालवाडी.

या उपायाचा जो परिणाम झाला, तो शिक्षणपत्रिकेने दादरच्या वाचत्या पालकांवर केलेल्या परिणामाच्या तोडीचा म्हणावा लागेल. अंगणात शाळा भरली की घरातली बाई धान्य पाखडता पाखडता पाहते, म्हातारी ओट्यावरून ऐकते, बाप कामावर निघताना थबकतो. मूल काय शिकते याची वार्ता घरी वेगळी धाडावी लागत नाही. आणि मुलाला न मारता न्हाऊ-माखू घालता येते, हे आईला कोणी व्याख्यान न देता दिसते. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पाने आणि बांबू आले. मोजायला चिंचोके पुरतात आणि रंग ओळखायला पाने-फुले, हे सिद्ध करण्यासाठी त्यांना कोणत्याही परदेशी संस्थेच्या संमतीची गरज वाटली नाही. माँटेसोरीचे तत्त्व त्यांनी ठेवले आणि पेटी बदलली.

१९५६-५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर हलले. इथे अडचण आणखी अवघड होती. वारल्यांचे पाडे विखुरलेले. आईबाप पहाटे मजुरीवर. पाच-सहा वर्षांची पोर कडेवर तान्हे घेऊन घर राखणार आणि तिचा भाऊ गुरांमागे रानात जाणार. कुठल्या मुलाने शाळेत यावे? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. ताई धाकट्याला पाळण्यात ठेवून पलीकडे वर्गात बसू शकते, ही त्यामागची साधी युक्ती. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली : शिक्षकाने रानात जायचे, गुरे चरत असताना झाडाखाली मुलांना शिकवायचे. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग झाले. प्रत्येक वेळी घराच्या दिनक्रमाला धक्का न लावता शाळेनेच आपले वेळापत्रक मोडले. आपल्याकडे शाळा सहसा उलट वागतात.

याच काळात त्या मुंबई प्रांताच्या विधानसभेत सदस्य होऊन गेल्या आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या सार्वजनिक जीवनाची ही बाजू एका ओळीत आटोपली, तरी त्यांना स्वतःला त्याचे वाईट वाटले नसते असे त्यांच्या कामाच्या क्रमावरून दिसते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. योजनेत आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी आली; बालशिक्षणही आले, पण ते बहुतेक ठिकाणी खिचडीच्या पातेल्यामागे गेले, अशी तक्रार या क्षेत्रातले जाणकार करत आले आहेत. केंद्र चालवणारी सेविका अजून मानधनावरच आहे. तिच्या हाती आता मोबाइल आहे आणि मुलांची वजने व उपस्थिती त्यात भरण्यात तिचा बराच वेळ जातो. ती माहिती दिल्लीपर्यंत पोचते, शेजारच्या घरातल्या आईपर्यंत पोचतेच असे नाही.

कोसबादला मात्र ताराबाईंमागे अनुताई राहिल्या. 'शिक्षणपत्रिका' त्यांनी चालवली, बालवाडीच्या शिक्षिका घडवल्या आणि आपले अनुभव 'कोसबादच्या टेकडीवरून' या पुस्तकात लिहिले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. डहाणू आता २०१४ मध्ये झालेल्या पालघर जिल्ह्यात आहे. कोसबादची टेकडी आणि तिथली विकासवाडी त्या जिल्ह्याच्या वाट्याला गेली.