मैदानाचा राखणदार टॉम मॉरिस

आमचे विद्यार्थी क्रिकेटच्या सामन्यातील धावा तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु खेळपट्टीवर पहाटे रूळ कोणी फिरविला असे विचारले, तर सारे गप्प बसतात. म्हणून आज आम्ही त्यांस अशा एका मनुष्याचे चरित्र सांगणार आहोत की, जो स्वतः चार वेळा अजिंक्य ठरूनही जन्मभर मैदानाचा चाकर म्हणूनच राबला.

टॉम मॉरिस ह्याचा जन्म १६ जून १८२१ रोजी स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज ह्या समुद्रकाठच्या गावी एका विणकराच्या घरी झाला. गावालगतच्या वाळवंटी कुरणावर शेकडो वर्षांपासून गॉल्फ खेळत. काठीने लहानसा चेंडू टोलवीत दूरदूरच्या छिद्रांत एकामागून एक घालावयाचा, आणि ज्यास कमी टोले लागतील तो जिंकला, असा हा खेळ आहे. छिद्राभोवतीचे गवत गालिच्यासारखे सपाट असावे लागते, नाहीतर चेंडू भलतीकडेच जातो. त्या काळी मात्र हे गवत राखण्याचे काम बहुतेक मेंढ्या व ससेच करीत!

टॉम लहानपणीच अॅलन रॉबर्टसन नामक नामांकित खेळाडूच्या हाताखाली चेंडू करावयास शिकू लागला. कातड्याच्या पिशवीत हंसाची पिसे ठासून भरावयाची. दिवसभर खपून तीनचार चेंडू होत. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकाचा, गटापर्चाचा, स्वस्त चेंडू निघाला. टॉम त्याने खेळला हे पाहून गुरूचा राग अनावर झाला आणि दोघांची फारकत झाली. गुरूस आपल्या धंद्याची चिंता होती. त्यास आम्ही सर्वस्वी दोष देत नाही.

१८५१ साली टॉम पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे राखणदार म्हणून गेला व तेथे त्याने बारा छिद्रांचे मैदान आखले. येथेच त्याच्या विद्येचा पाया घातला गेला. एकदा हातगाडीतील वाळू चुकून हिरवळीवर सांडली, आणि पुढे नेमके तेथेच गवत दाट व टवटवीत उगवले, असे सांगतात. वाळूमुळे पाणी झिरपते, जमीन घट्ट बसत नाही, उंचसखलपणा भरून निघतो. तेव्हापासून हिरवळीवर वाळू पसरणे हा त्याचा नेम झाला, आणि आज जगभर हिरवळीचे राखणदार तेच करीत आहेत. ह्याच मैदानावर १८६० साली खुली स्पर्धा सुरू झाली. प्रथम वर्षी टॉम दुसरा आला. पुढे १८६१, १८६२, १८६४ व १८६७ साली त्याने ती जिंकली.

१८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने त्यास परत बोलाविले. वेतन वर्षास ५० पौंड, आणि मैदानाच्या खर्चास २० पौंड. हत्यारे म्हणून एक हातगाडी, एक फावडे व एक खोरे त्याच्या स्वाधीन करण्यात आले. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक मजूर मिळे. मैदान तर तुडवून तुडवून उजाड झालेले. पूर्वी छिद्राजवळूनच पुढचा पहिला टोला मारीत, त्यामुळे हिरवळीचा चेंदामेंदा होई. टॉमने टोल्यासाठी निराळे ओटे केले, काटेरी झुडपे तोडून वाट रुंद केली, अखेरच्या छिद्राची हिरवळ नवी बांधली. रविवारी मात्र तो कोणास खेळू देत नसे. तुम्हांस विश्रांती नको असेल, पण मैदानास हवी आहे, असे त्याचे बड्या सभासदांस सांगणे असे. पगार देणाऱ्या धन्यास असे सांगावयास किती धैर्य लागते, हे नोकरी करणारे आमचे पालक जाणतात.

त्याचा मुलगा, धाकटा टॉम, बापाहूनही सरस निघाला. १८६८ साली अवघ्या सतराव्या वर्षी त्याने खुली स्पर्धा जिंकली. दुसरा क्रमांक बापाचा होता. परंतु १८७५ च्या सप्टेंबरात बापलेक नॉर्थ बेरिक येथे सामना खेळत असता मुलाची पत्नी प्रसूतीत अत्यवस्थ असल्याची तार आली. नावेने खाडी ओलांडून ते घरी पोहोचले, तो माता व बालक दोघेही गेलेली. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी चोवीस वर्षांचा मुलगा अंथरुणात मृत आढळला. तो दुःखाने मेला असे लोक म्हणत. तेव्हा, दुःखाने मनुष्य मरत असता तर मी तरी कसा उरलो असतो, अशा अर्थाचे उत्तर म्हातारा देई, असे सांगतात. पुढल्या वर्षी पत्नी गेली, आणि कालांतराने उरलेली तिन्ही मुलेही त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

टॉमने फावडे खाली ठेवले नाही. वाळू टाकणे, गवताची निगा राखणे, सकाळी समुद्रात पोहणे हा क्रम चालूच होता. आयर्लंडात व स्कॉटलंडात गावोगावचे लोक त्यास बोलावून मैदाने आखून घेत. १८९१ चे म्युअरफील्ड त्यांपैकीच एक. १९०३ साली, ब्याऐंशीव्या वर्षी, तो निवृत्त झाला.

२४ मे १९०८ रोजी एका क्लबाच्या इमारतीत दार चुकून तो तळघराच्या जिन्यावरून पडला व त्यातच त्याचा अंत झाला. तो रविवार होता, आणि मैदान नेहमीप्रमाणे विसावा घेत होते. जुन्या कॅथीड्रलच्या आवारात मुलाच्या शेजारीच त्यास पुरण्यात आले.